सेंदाईची रिंक

बर्फावर स्केटिंग शिकणाऱ्या मुलाला पहिल्या आठवड्यातच एक सवय लावतात. रिंकच्या बाहेर पाऊल टाकायच्या आधी पात्यांवर प्लॅस्टिकची कव्हरं चढवायची. सिमेंट, दगड, डांबर यांना पातं लागलं की ते बोथट झालंच म्हणून समजायचं. फिगर स्केटच्या पात्याला तळाशी मधोमध उथळ खोबण असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन कडा, एक आतली, एक बाहेरची. स्केटरचं सगळं कौशल्य त्या दोन कडांवर चालतं. वळणं त्यांच्यावर घ्यायची, उडी त्यांच्यावरून मारायची आणि उतरायचंही त्यांच्यावरच. म्हणून आपली पाती कुणी डांबरावर नेत नाही.

११ मार्च २०११ रोजी दुपारी दोन वाजून शेहेचाळीस मिनिटांनी जपानच्या सेंदाई शहरात एक सोळा वर्षांचा मुलगा पायात स्केट असतानाच रिंकमधून पळत रस्त्यावर आला. कव्हरं चढवायला वेळच नव्हता. इमारत हलत होती, भिंतींना तडे जात होते, बर्फाखालची जमीन उसळत होती. त्या पळण्यात त्याची पाती खराब झाली. त्या मुलाचं नाव युझुरू हान्यू. जेमतेम तीन वर्षांनी तो रशियात सोची इथे ऑलिंपिक विजेता झाला.

आजच्या बोलण्याचा विषय सांगितल्यावर अनेकांनी मला विचारलं, की आपल्याकडे बर्फ कुठे आहे? प्रश्न योग्य आहे. मी मुलांना चाकांवरचं स्केटिंग शिकवते. शाळेच्या कोर्टावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जागा मिळेल तिथे. पण हान्यूच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल जेवढं वाचलं, पाहिलं, त्यात त्याच्या पदकांपेक्षा त्याच्या रिंकचीच गोष्ट मला जास्त दिसत गेली. त्याच्या लहानपणी ती रिंक दोनदा बंद पडली, आणि दोन्ही वेळा त्याची कारकीर्द तिथेच संपू शकली असती. मला बोलायचंय ते त्या रिंकबद्दल, आणि तिच्यात वाढलेल्या पोराबद्दल.

सेंदाई हे जपानच्या ईशान्येकडच्या तोहोकू भागातलं सगळ्यात मोठं शहर. तिथे किल्ल्याजवळ गोशिकीनुमा नावाचं एक लहान तळं आहे. मेजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ या काळात, हिवाळ्यात ते गोठायचं आणि विद्यार्थी त्यावर घसरायचे. त्या काळाच्या अखेरीस तिथल्या विद्यार्थ्यांना एका जर्मन शिक्षकाने फिगर स्केटिंग शिकवलं असं सांगतात. म्हणून जपानच्या फिगर स्केटिंगचं जन्मस्थान हा मान सेंदाईकर त्या तळ्याला देतात. पुढच्या काळात तळ्याची जागा बंदिस्त रिंकने घेतली. शहराच्या उत्तरेला इझुमी नावाचा भाग आहे. हान्यूचा जन्म तिथलाच, ७ डिसेंबर १९९४ चा, आणि त्याची रिंकही तिथलीच.

त्याचं नाव वडिलांनी ठेवलं. युझुरू या नावातल्या अक्षरांमधून धनुष्याची दोरी बांधणं असा अर्थ निघतो. ताणलेल्या प्रत्यंचेसारखं ताठ मानेने जगावं, असा त्यामागचा विचार. पण या ताठ प्रत्यंचेला दोन वर्षांचा असतानाच दमा असल्याचं निदान झालं. त्याची मोठी बहीण स्केटिंग शिकायला जायची. तिच्या मागोमाग चौथ्या वर्षी तोही बर्फावर उतरला. रिंकमध्ये धूळ कमी असते, त्याचा दम्याच्या मुलाला फायदा होईल, असाही घरच्यांचा हिशेब होता.

बर्फावर त्याचं पहिल्याच दिवशी जमलं, असं काही घडलं नाही. सरावाचा त्याला कंटाळा यायचा. बेसबॉल आवडायचा. आमच्याकडेही अशी मुलं येतात. दहा मिनिटं झाली की पाणी प्यायला जातात, मग लघवीला, मग बुटाची लेस सुटते. त्यांच्यात पुढे कोण टिकेल हे मला एवढ्या वर्षांनंतरही ओळखता येत नाही, आणि ज्यांना ओळखता येतं म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

२००२ च्या फेब्रुवारीत सॉल्ट लेक सिटीला हिवाळी ऑलिंपिक झालं. पुरुषांच्या फिगर स्केटिंगमध्ये दोन रशियनांची झुंज होती, अलेक्सी यागुदिन आणि येवगेनी प्लुशेंको. सुवर्ण यागुदिनला मिळालं, प्लुशेंकोला रौप्य. सात वर्षांच्या हान्यूने ते टीव्हीवर पाहिलं आणि त्याचं मन बसलं ते प्लुशेंकोवर. त्याने केसही प्लुशेंकोसारखे कापून घेतले, कपाळावर गोल टोपी ठेवल्यासारखे. त्या वयातले फोटो पाहिले तर हसू येतं, आणि लगेच गळाही दाटतो. कारण त्या पोराने केसच उचलले नाहीत. प्लुशेंको स्पर्धेत एक पाय डोक्यावर ओढून फिरायचा, तो बिलमन स्पिन. एरवी तो मुलीच करत. तोही या मुलाने उचलला आणि पुढे कितीतरी वर्षं सांभाळला.

या सुमारास त्याला शोइचिरो त्सुझुकी नावाचे गुरू मिळाले. जागतिक स्पर्धेत पदक मिळवणारा पहिला जपानी पुरुष स्केटर म्हणजे मिनोरू सानो, १९७७ चं कांस्य. ते याच त्सुझुकींचे शिष्य. त्सुझुकींचा ॲक्सेलवर फार जीव. ॲक्सेल हा उड्यांचा राजा, हे त्यांनी लहान हान्यूच्या डोक्यात पक्कं बसवलं. हे थोडं समजून घेऊ. फिगर स्केटिंगमधल्या इतर सगळ्या उड्या पाठ पुढे करून, म्हणजे उलटं घसरत असताना मारतात. ॲक्सेल ही एकच उडी समोर तोंड करून मारायची आणि उतरायचं मात्र इतरांसारखंच, उलटं. म्हणजे हवेत अर्धी फेरी जास्त. ट्रिपल ॲक्सेल नावाला तीन फेऱ्यांची, प्रत्यक्षात साडेतीन. आणि या साडेतीन फेऱ्या मारायला हवेत मिळणारा वेळ एका सेकंदापेक्षा कमी. पुढे बघून उडायचं म्हणजे आपण कुठे झेपावतोय ते दिसत असतं, आणि भीती तिथेच असते. ज्याचं ॲक्सेल बाळपणीच घोटलं गेलं त्याची ती भीती लवकर जाते. हान्यूचं ट्रिपल ॲक्सेल पुढे जगात सर्वोत्तम मानलं गेलं, त्याचं मूळ तिथे आहे.

२००४ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, तो जपानच्या नोव्हिस ब गटाचा विजेता झाला. नोव्हिस म्हणजे ज्युनियरच्याही खालचा, बालगट. त्याच हिवाळ्यात फिनलंडमधली लहान मुलांची एक स्पर्धाही त्याने जिंकली. आणि त्याच वर्षअखेरीस त्याची रिंक बंद झाली.

कारण साधं होतं. परवडत नव्हती. एक रिंक म्हणजे काय प्रकरण असतं ते बघा. साधारण साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद काँक्रीटची लादी. त्या लादीच्या पोटात नळ्यांचं जाळं आणि त्या नळ्यांतून दिवसरात्र वाहणारं, न गोठणारं थंडगार द्रावण. वर पाण्याचे पातळ थर देत देत केलेला तीन-चार सेंटिमीटरचा बर्फ. मुलं तासभर घसरली की तो खरवडला जातो, मग यंत्र फिरवून वरचा थर तासायचा आणि गरम पाण्याचा नवा थर द्यायचा. हे रोज, कितीतरी वेळा. वीज गेली, कॉम्प्रेसर बंद पडला, की सगळं पाणी. मैदान बंद पडलं तर त्यावर गवत वाढतं, पोरं कुंपण ओलांडून खेळतातही. रिंक बंद पडली की काहीच उरत नाही, एक ओली लादी उरते.

मला हे कळतं, कारण आमच्या चाकांना सिमेंट चालतं तरी जागेसाठी आम्ही किती वणवण केली आहे. एका सोसायटीने मुलांच्या आवाजाची तक्रार आली म्हणून पार्किंग नाकारलं. दुसरी जागा मिळाली, पण सहा किलोमीटरवर. पुढच्या महिन्यात निम्मी मुलं आली नाहीत. त्यांची आवड कमी झाली नव्हती. आणायला-सोडायला घरी माणूस नव्हतं, एवढंच. खेळाडू घडतो कसा याच्या गप्पा आपण खूप मारतो. तो गळतो कसा हे कुणी बघत नाही. तो असा गळतो, अंतर वाढल्यामुळे.

हान्यूचं काय झालं? सेंदाईतच कात्सुयामा नावाची दुसरी रिंक होती, तो तिकडे जाऊ लागला. पण बंद पडलेल्या रिंकवरची सगळी मुलं आता तिकडेच, त्यामुळे बर्फाचा वेळ कमी. गुरू त्सुझुकी योकोहामाकडे गेले. ते अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पुढे त्याला नानामी आबे शिकवू लागल्या. या मधल्या काळात त्याचे निकाल खाली आले. ज्या वयात उड्या एकेका फेरीने वाढतात, त्या वयात त्याला बर्फाचे तास मोजून मिळत होते.

मग २००६ च्या फेब्रुवारीत इटलीत तोरिनोला ऑलिंपिक झालं आणि महिलांचं सुवर्ण शिझुका अराकावा यांना मिळालं. फिगर स्केटिंगमधलं जपानचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. अराकावा सेंदाईत वाढलेल्या, त्याच बंद पडलेल्या रिंकवर शिकलेल्या. साऱ्या देशाचे कॅमेरे समोर असताना त्यांनी आपल्या रिंकचा विषय लावून धरला. २००७ च्या मार्चमध्ये ती रिंक आइस रिंक सेंदाई या नावाने पुन्हा सुरू झाली.

या प्रसंगाचं मला फार मोल वाटतं. जिंकलेल्या माणसाला लोक विचारतात, कसं वाटतंय? त्या क्षणी तो जे बोलेल ते ऐकलं जातं. अराकावांनी ते ऐकलं जाणं स्वतःसाठी वापरलं नाही, बर्फासाठी वापरलं. बारा वर्षांच्या एका पोराला त्याची रिंक परत मिळाली ती त्यामुळे.

आणि मग बघा काय होतं. २००७-०८ च्या हंगामात तो नोव्हिस अ गटाचा राष्ट्रीय विजेता, आणि नोव्हिस असूनही ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेत तिसरा. पुढच्या हंगामात, तेराव्या वर्षी, जपानचा ज्युनियर विजेता. २००९ ला बल्गेरियातल्या सोफियामध्ये पहिली ज्युनियर जागतिक स्पर्धा खेळला, तिथे बारावा आला. एका वर्षाने, मार्च २०१० मध्ये, नेदरलँड्समधल्या हेगला त्याच स्पर्धेत पहिला. मधल्या काळात पोलंड, क्रोएशिया आणि मग टोकियोतली ज्युनियर ग्रां प्री या स्पर्धामालिकेची अंतिम फेरी, सगळं जिंकलेलं. हेगला तो सव्वापंधरा वर्षांचा होता. त्याच्या आधी दाइसुके ताकाहाशी, नोबुनारी ओदा आणि ताकाहिको कोझुका या तिघा जपानी पुरुषांनी हे विजेतेपद मिळवलं होतं.

त्या काळातल्या चित्रफिती पाहाव्यात. अंग अजून भरलेलं नाही, हातपाय लांब, खांदे अरुंद, आणि शेवटच्या मिनिटाला तोंड उघडं पडलेलं. दमा काही कुठे गेला नव्हता. ज्युनियर गटाचं फ्री स्केटिंग, म्हणजे स्पर्धेतला दुसरा, मोठा भाग, तेव्हा चार मिनिटांचं असे, सीनियर पुरुषांचं साडेचार मिनिटांचं. तीस सेकंदांचा फरक ऐकायला काहीच नाही. ज्यांना धाप लागते त्यांना विचारा.

२०१०-११ ला तो सीनियर गटात आला. ऑक्टोबरमध्ये नागोयाला एनएचके ट्रॉफीत, म्हणजे जपानमधल्या ग्रां प्री स्पर्धेत, त्याने स्पर्धेतली आपली पहिली क्वाड, म्हणजे चार फेऱ्यांची टो लूप ही उडी, उतरवली आणि चौथा आला. मॉस्कोत सातवा. फेब्रुवारी २०११ मध्ये तैपेईला चार खंडांच्या स्पर्धेत मात्र थेट रौप्य, ताकाहाशीच्या खालोखाल. त्या हंगामातला त्याचा शॉर्ट प्रोग्रॅम, म्हणजे स्पर्धेतला पहिला, छोटा भाग, होता चायकोव्स्कीच्या हंस सरोवरावरचा, व्हायोलिनवर वाजवलेला. पांढरा पोशाख, पंखांसारखे हात.

तैपेईनंतर महिनाही झाला नव्हता, आणि ११ मार्चचा तो भूकंप झाला.

९.० तीव्रता होती, आजवर जगात मोजलेल्या सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी एक. पाठोपाठ त्सुनामी आली. सुमारे सोळा हजार माणसं गेली, अडीच हजारांचा पत्ता लागला नाही. इझुमीचा भाग किनाऱ्यापासून आत असल्यामुळे तिथवर पाणी आलं नाही. पण घर राहण्यासारखं उरलं नव्हतं. हान्यू कुटुंबाने काही रात्री एका शाळेच्या व्यायामशाळेत, निवारा छावणीत, जमिनीवर पांघरुणं टाकून काढल्या. रिंकची इमारत आणि बर्फाखालच्या नळ्या खराब झाल्या. रिंक बंद. दुसऱ्यांदा.

इथे मला थोडं थांबायचंय. मी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ला मी नववीत होते. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालेलं, माणसं उशिरा झोपलेली. पहाटे तीन छपन्नला किल्लारीची जमीन हलली. आमच्या गावात जीवितहानी किल्लारीसारखी नव्हती, पण घराची दगडमातीची मागची भिंत गेली. त्यानंतर महिनाभर आम्ही अंगणात झोपलो. पाऊस आला तरी आई आत येऊ द्यायची नाही. आणि तुम्हाला सांगते, भूकंपानंतर भीती कशाची वाटते? भूकंपाची नाही. छपराची वाटते. ज्याच्याखाली रोज जेवलो, अभ्यास केला, त्याची. ट्रक गेला तरी मी दाराकडे पळायचे. पुढे कितीतरी वर्षं.

म्हणून जेव्हा वाचलं, की त्या दिवसांत हान्यूच्या मनात स्केटिंग सोडायचा विचार आला होता, तेव्हा मला जराही आश्चर्य वाटलं नाही. त्याच्या आसपास लोकांना पाणी नाही, वीज नाही, घरचं माणूस नाही, आणि आपण काय करायचं, बर्फावर संगीत लावून फिरायचं? सोळा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न पडणं म्हणजे तो मुलगा चांगला आहे.

त्या मार्चमध्ये टोकियोत जागतिक स्पर्धा व्हायची होती. ती रद्द करून एप्रिलच्या अखेरीस मॉस्कोला नेली. हान्यू त्या संघात नव्हता. त्याच्यापुढे त्याहून साधा प्रश्न होता, उद्या सराव कुठे? तो योकोहामाला त्सुझुकींकडे गेला. लहानपणीच्या गुरूने पुन्हा बर्फ दिला. काही काळ तो उत्तरेला हाचिनोहेलाही सरावाला जायचा.

९ एप्रिलला, भूकंपाला महिना व्हायच्या आत, कोबे शहरात भूकंपग्रस्तांसाठी एक आइस शो झाला. ताकाहाशी त्यात होता आणि हान्यूही. कोबेला भूकंप काय असतो हे सांगायला नको. १७ जानेवारी १९९५ ला ते शहर उद्ध्वस्त झालं होतं. हान्यू तेव्हा ४१ दिवसांचा होता. सोळा वर्षांनी तो त्या शहरात उभा राहिला, आणि ज्यांनी आपलं गाव पुन्हा बांधलं होतं ती माणसं समोर बसली होती. त्याने तोच पांढऱ्या हंसाचा प्रोग्रॅम केला. हात पसरून उठू पाहणारा हंस. फेब्रुवारीत तैपेईला तो प्रोग्रॅम फक्त सुंदर होता. एप्रिलमध्ये तेच हात, तेच सूर, पण बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुसरंच काही उभं राहत होतं.

त्या उन्हाळ्यात त्याने जपानभर फिरून सुमारे साठ शो केले. लोकांना वाटेल, सोळाव्या वर्षी इतके शो म्हणजे पैशासाठी किंवा प्रसिद्धीसाठी. खरं कारण ऐका. शोच्या गावी रिंक असते. शोच्या आधी तालमीसाठी बर्फ मिळतो. ज्याच्या घरची रिंक बंद आहे त्याने बर्फ मिळवायचा तो असा, गावोगाव फिरून, जिथे दिवे लागलेत तिथे जाऊन. शोमध्ये इतर कलाकार सोप्या उड्या ठेवतात, प्रेक्षकांना आनंद देतात. हा मुलगा तिथेच क्वाड मारायचा, पडायचा, उठायचा. सराव दुसरा कुठे करणार होता तो? आमच्याकडे तमाशाचे फड जत्रेजत्रेला मुक्काम करत फिरत, तशी मला ती साठ शोंची भटकंती दिसते.

जुलैच्या अखेरीस सेंदाईची रिंक दुरुस्त होऊन उघडली. हिवाळ्यात त्याने मॉस्कोची ग्रां प्री जिंकली, राष्ट्रीय स्पर्धेत तिसरा आला आणि जागतिक स्पर्धेच्या संघात पहिल्यांदा निवडला गेला. ती स्पर्धा फ्रान्समध्ये नीसला, मार्च २०१२ च्या शेवटच्या दिवसांत.

नीसबद्दल मी नुसते आकडे सांगून पुढे जाऊ शकत नाही. शॉर्ट प्रोग्रॅमनंतर तो सातवा होता, ७७.०७ गुण. पदकाचा विचारही दूर. फ्री स्केटिंगला त्याने रोमिओ अँड ज्युलिएट या चित्रपटाचं संगीत घेतलं होतं. सुरुवातीलाच क्वाड टो लूप, स्वच्छ. मग ट्रिपल ॲक्सेल, स्वच्छ. प्रेक्षक जागे झाले. आणि मग, कुठलीही उडी नसताना, नुसत्या पावलांमध्ये, तो सपाट बर्फावर पडला. पातं अडकलं आणि गुडघ्यांवर आला. उडीत पडणं स्केटरला अपेक्षित असतं, मन त्याची तयारी ठेवतं. असं पडणं मात्र शरीर संपत आल्याचं लक्षण असतं. माझ्या मुलांना मी ती चित्रफीत इथपर्यंत दाखवते आणि थांबवते. विचारते, आता काय होईल? बहुतेक म्हणतात, सर्व बिघडेल.

तो उठला आणि पुढचीच उडी ट्रिपल ॲक्सेल आणि तिला जोडून ट्रिपल टो लूप. दोन्ही उतरवल्या. प्रेक्षागृहात जो आवाज उठला तो चित्रफितीतही अंगावर येतो. अखेरच्या पदन्यासाच्या आधी त्याच्या तोंडून आरोळी निघाली. संगीत थांबलं तेव्हा तो रडत होता. फ्री स्केटिंगमध्ये १७३.९९ गुण, त्या भागात दुसरा. एकूण २५१.०६ आणि कांस्यपदक. कॅनडाचा पॅट्रिक चॅन पहिला, ताकाहाशी दुसरा, सतरा वर्षांचा हान्यू तिसरा. भूकंपाला एक वर्ष आणि तीन आठवडे झाले होते.

तिथून परतल्यावर त्याने सेंदाई सोडलं. ब्रायन ऑर्सर यांच्याकडे शिकायला कॅनडात टोरांटोला गेला. ऑर्सर म्हणजे २०१० ची ऑलिंपिक विजेती युना किम हिचे प्रशिक्षक. त्यांच्याकडे स्पेनचा हावियेर फर्नांडेझ होता, त्याच्या क्वाड हान्यूला जवळून पाहायच्या होत्या. खेळाच्या दृष्टीने निर्णय अगदी बरोबर. पण गाव अजून उभं राहतंय आणि आपण निघतोय, हे त्याला बोचत होतं. आबेंकडे तो घडला होता, नीसचा प्रोग्रॅमही त्यांच्याच हाताखाली उभा राहिला होता. त्यांना सोडणंही सोपं नव्हतं. हे दुःख बाजूला सारून टोरांटोचं फक्त यश सांगणारे लोक मला आवडत नाहीत. लातूरहून पुण्याला शिकायला आलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. एसटी सुटताना खिडकीतून काय दिसतं ते.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात, नोव्हेंबर २०१२ मध्ये, एनएचके ट्रॉफी सेंदाईला लागून असलेल्या रिफू गावी होती. मियागी प्रांतात, म्हणजे घरच्या अंगणात. तिथली मोठी क्रीडासंकुलाची इमारत. दीड वर्षापूर्वी त्याच इमारतीत भूकंप-त्सुनामीत गेलेल्यांचे मृतदेह ओळख पटवण्यासाठी ठेवले होते. तिथे बर्फ घातला गेला. समोर बसलेल्यांमध्ये, कुणाचं माणूस याच छपराखाली शेवटचं पाहिलं गेलं असेल अशी माणसं होती. हान्यूने शॉर्ट प्रोग्रॅममध्ये ९५.३२ गुण मिळवले, तेव्हाचा जागतिक विक्रम, आणि ताकाहाशी व फर्नांडेझ या दोघांना मागे टाकून स्पर्धा जिंकली.

महिन्याभराने तो जपानचा राष्ट्रीय विजेता झाला. सोची त्यानंतर चौदा महिन्यांनी. तिथे शॉर्ट प्रोग्रॅममध्ये १०१.४५, शंभराच्या पुढे जाणारा पहिला माणूस. फ्री स्केटिंगमध्ये दोनदा पडला, तरी एकूण २८०.०९ आणि सुवर्ण. पुरुषांच्या फिगर स्केटिंगमध्ये ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारा पहिला आशियाई. तिथून पुढची त्याची कहाणी सर्वांना ठाऊक आहे, म्हणून मी तिथे रेंगाळत नाही. एक मात्र सांगते. आत्मचरित्राचं मानधन त्याने आइस रिंक सेंदाईला दिलं. अराकावांनी जे त्याच्यासाठी केलं, ते त्याने पुढच्या पोरांसाठी केलं. विजेचं बिल, नळ्यांची दुरुस्ती, कॉम्प्रेसर. रिंक जिवंत राहते ती यांवर.

जुलै २०२२ मध्ये त्याने स्पर्धांमधून निवृत्ती जाहीर केली. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १० ऑगस्टला, सेंदाईच्या त्याच रिंकमध्ये त्याने सराव केला आणि तो यूट्यूबवर थेट दाखवला. जगभरातून लाखभर माणसं बघत होती, मीही होते. स्पर्धा नाही, पंच नाहीत, गुण नाहीत. सत्तावीस वर्षांचा माणूस, दोन ऑलिंपिक सुवर्णं मिळवलेला, लहानपणीच्या बर्फावर घामाघूम होत उड्या मारत होता. मग त्याने नीसचा तो जुना प्रोग्रॅम लावायला सांगितला, सतराव्या वर्षीचा, रोमिओ अँड ज्युलिएट. क्वाड टो लूप झाली, ट्रिपल ॲक्सेल झालं. नंतर ती पावलं आली, जिथे तो नीसला पडला होता. माझ्या शेजारी माझी एक विद्यार्थिनी बसली होती, बारा वर्षांची. तिने माझा हात घट्ट धरला. तो त्या जागेवरून पुढे गेला.